पपईत तीन प्रकारची झाडं, मग माणसात दोनच कसे?

शहादेकर | २२ एप्रिल, रात्री १०:४०

राम राम मंडळी.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेक घरी आली आहे. पुण्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा आमरस-पुरणपोळी हाणून सगळे ओट्यावर आडवे झालो होतो. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मोबाइलवर काहीतरी ऐकत होते. एकदम म्हणाले, "आता म्हणे नर-मादी असं काही नसतंच. सगळं इंद्रधनुष्य आहे म्हणे."

लेक म्हणाली, "आबा, तसं नाही, पण लिंग हा स्पेक्ट्रम आहे असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत." स्पेक्ट्रम म्हणजे वर्णपट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बदलत जाणारं काहीतरी, असं तिनेच समजावलं.

आबांचं उत्तर तयार होतं. "बाई, चाळीस वर्षं ढोरं पाळली. गाय व्याली की शेपटी वर करून बघतो. गोऱ्हा नाहीतर कालवड. तिसरं काही अजून निघालं नाही."

"आणि तुमच्या वावरात? पपईत?"

इथे आबा गप्प झाले. कारण आमच्या शहाद्याच्या पट्ट्यात पपई लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. देशी पपईत एक नर झाड असतं, त्याला हातभर लांब दांड्यांवर फुलांचे झुबके लोंबतात आणि फळ धरत नाही. एक मादी झाड असतं, खोडाला चिकटून फूल आणि गोल फळ. आणि तिसरं झाड, एकाच फुलात दोन्ही, त्याचं फळ लांबट. व्यापाऱ्याला हेच लांबट लागतं, पेटीत बरोबर बसतं. आम्ही जी तैवान ७८६ लावतो तिच्यात तर नर झाड निघतच नाही, एक मादी आणि एक हे दोन्हीवालं.

विहिरीजवळ आमच्या आईने लावलेलं एक देशी झाड आहे, पक्कं नर. फळ नाही, सावली नाही, पण आईने लावलं म्हणून आबा तोडू देत नाहीत. लेकीने बॅटरी मारून त्याच्याकडेच बोट दाखवलं.

भांडण तिथेच थांबलं, पण माझ्या डोक्यात राहिलं. जाणकारांनी सांगावं. लिंग दोनच म्हणायचं, की पट्टा म्हणायचं? राजकारण नको, कृपया.

भरीतप्रेमी | २२ एप्रिल, रात्री ११:०२

वाचतोय. जागा धरून ठेवली.

स्पष्टवक्ता धुळे | २२ एप्रिल, रात्री ११:१५

यात चर्चा कसली? दोन. विषय संपला. शहरातल्या रिकाम्या लोकांची खुळं खेड्यात आणू नका. पपई म्हणजे माणूस नव्हे.

शहादेकर | २२ एप्रिल, रात्री ११:२१

साहेब, पपई म्हणजे माणूस नव्हे हे मान्य. पण मग गाय पण माणूस नव्हे, तो दाखला आबांचा होता.

निवृत्त मास्तर, भुसावळ | २३ एप्रिल, सकाळी ७:३०

अकरावी-बारावीला तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे हात शिवशिवतात. थोडं लांबेल.

शहादेकरांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्याच वावरात आहे. झाडं तीन प्रकारची, बरोबर. आता त्या तीन झाडांमध्ये बीज किती प्रकारचं तयार होतं ते मोजा. एक परागकण आणि एक बीजांड. तिसऱ्या झाडात तिसरं काही तयार होत नाही, ही दोनच एका फुलात येतात. मक्याला वर तुरा येतो तो नर आणि कमरेला कणीस येतं ते मादी. झाड एक, बीजं दोन. गांडुळाच्या एकाच अंगात दोन्ही असतात, तरी दोनच. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. काही समुद्री मासे आयुष्याच्या मध्यात मादीचे नर होतात, काही नराचे मादी होतात. ठरण्याच्या तऱ्हा शंभर असतील, पण जे ठरतं ते दोहोंपैकीच. एक लहान, हलणारं, लाखांनी तयार होणारं बीज, आणि एक मोठं, शिदोरी घेऊन बसलेलं, मोजकं. या दोघांच्या मधल्या मापाचं बीज कोणत्याही प्राण्यात नाही. जीवशास्त्रात नर आणि मादी हे शब्द याच फरकावर उभे आहेत, म्हणून पपईलाही लागू पडतात आणि गायीलाही.

या अर्थाने स्पष्टवक्ता यांचं "दोन" बरोबर आहे. पण "विषय संपला" हे बरोबर नाही.

बीज दोन प्रकारचं आहे म्हणजे प्रत्येक देह दोन ढिगांपैकी एकात बिनबोभाट पडतो असं नव्हे. माणसाच्या गर्भात पहिले सहा आठवडे दोन्ही वाटा उघड्या असतात. गर्भाशय ज्या नळ्यांपासून होतं त्याही असतात आणि शुक्रवाहिनी ज्यांपासून होते त्याही. पुढे वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक जागं झालं तर ग्रंथी वृषण होते, वृषणाचे दोन रस सुटतात, एक नळी विरते, दुसरी वाढते. जनुक नसेल तर अंडाशयाची वाट, आणि तीही आपोआप होत नाही, तिच्यासाठीही वेगळी जनुकं राबतात. हे एसआरवाय १९९० साली सापडलं. लगेच १९९१ मध्ये लंडनला दोन एक्स असलेल्या उंदराच्या गर्भात तेवढंच घातलं आणि उंदराचा नर झाला. वांझ नर, पण नर.

एवढ्या पायऱ्या आहेत तर कुठेतरी पाय घसरणारच. गुणसूत्रं एक सांगतील, ग्रंथी दुसरं, बाहेरचं अंग तिसरं. ही माणसं कल्पनेतली नाहीत.

कांदेबाग | २३ एप्रिल, सकाळी ९:१०

सर, केळीचं पण सांगा. आमच्या रावेर-यावलला निसवण झाली की आधी ज्या फण्या सुटतात त्या मादी फुलांच्या, त्यांचीच केळी होतात. खाली केळफुलात राहतात ती नर फुलं, ती आम्ही मोडून फेकतो. आणि मजा म्हणजे बीजाचा संबंधच नाही, केळीत बी नसतंच, लागण कंदाची नाहीतर टिश्यू कल्चरची. नर-मादी दोघेही बिनकामाचे, तरी हजर.

निवृत्त मास्तर, भुसावळ | २३ एप्रिल, सकाळी ९:४०

अगदी. तुमच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून बीज नीट बनत नाही. पण फुलाची रचना कोणत्या कामासाठी आहे ते अजून ओळखू येतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

काटेकोर | २३ एप्रिल, दुपारी १:०५

सर, शंका. बीजावरून लिंग ठरवायचं तर पाळी गेलेली बाई कोण? चार वर्षांची पोरगी कोण? सारंगखेड्याच्या यात्रेत खेचर दिसलं तर ते कोण? बीज तर कुणाचंच नाही. म्हणजे तुमची व्याख्या तुम्ही हळूच बदलता. आधी "बीज", मग "बीजासाठी असलेली रचना". आणि रचना म्हटलं की पुन्हा त्या सगळ्या पायऱ्या आल्या, ज्या तुम्हीच म्हणता की घसरतात.

निवृत्त मास्तर, भुसावळ | २३ एप्रिल, दुपारी ३:५०

पकडलंत. खेचर वांझ असतं, तरी नर खेचर आणि मादी खेचर कोणीही ओळखतो, रचनेवरून. माझं म्हणणं इतकंच की रचना कशासाठी हे विचारलं की उत्तरं दोनच निघतात. पण एखाद्या विशिष्ट देहात रचना अर्धी इकडची अर्धी तिकडची असेल तर व्याख्या मदतीला येत नाही, हे मान्य करतो. व्याख्या प्रजननाची आहे. जनगणनेचा फॉर्म भरायला ती बनवलेली नाही.

ढोरांचा डॉक्टर | २३ एप्रिल, रात्री ८:३०

आबांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना विचारा की जुळं कधी झालं होतं का.

गायीला गोऱ्हा आणि कालवड असं जुळं झालं तर ती कालवड दहात नऊ वेळा गाभण राहत नाही. दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या पोटात असतानाच एकमेकींना जोडल्या जातात, गोऱ्ह्याच्या वृषणाचा रस बहिणीच्या रक्तात उतरतो, तिचं गर्भाशय आणि अंडाशय वाढतच नाही. इंग्रजीत फ्रीमार्टिन म्हणतात. शेपटी वर करून बघितलं तर कालवडच दिसते. बारीक बघणाऱ्याला खालच्या टोकाशी केसांचा झुबका जरा जास्त दिसेल, कधी दाणा मोठा दिसेल. मी काचेची नळी आत सारून खोली बघतो, धड कालवडीत जेवढी जाते त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा जाते.

पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याने बाजारातून देखणी कालवड आणली, दोन वर्षं सरकी-पेंड घातली, चार वेळा भरवली. मला बोलावलं तेव्हा मी एकच विचारलं, जुळ्यातली होती का? विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. रक्त तपासलं तर तिच्या पेशींत एक्सवाय पण सापडतात, भावाच्या. एका जनावराच्या अंगात दोघांचं रक्त.

आता ती नर की मादी की मधली? मी कागदावर मादी लिहितो. पण "शेपटी वर करून बघतो" एवढ्यावर मी जनावर विकत घेणार नाही.

स्पष्टवक्ता धुळे | २३ एप्रिल, रात्री ९:००

डॉक्टरसाहेब, हा आजार झाला. पाच पायांचं वासरू जन्मलं म्हणून गायीला चार ते पाच पाय असतात असं कोणी लिहीत नाही.

ढोरांचा डॉक्टर | २३ एप्रिल, रात्री ९:०८

हे बरोबर बोललात. पण पाच पायांच्या वासराला तुम्ही चारच पाय आहेत असंही सांगत नाही.

नूतन | २३ एप्रिल, रात्री १०:२०

धागाकर्त्यांच्या लेकीच्या बाजूने. संप्रेरकं बघा, उंची बघा, आवाज, केस, स्नायू. सगळीकडे बायकांची आणि पुरुषांची मापं एकमेकांत मिसळतात. याला पट्टा नाही तर काय म्हणायचं?

निवृत्त मास्तर, भुसावळ | २४ एप्रिल, सकाळी ७:१५

नूतनताई, उंची मिसळते, कबूल. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, मिसळत नाही. निरोगी बाप्यांचं कमीत कमी हे निरोगी बायकांच्या जास्तीत जास्तच्या कितीतरी वर असतं. म्हणून आलेख काढला तर एकसारखा उतार येत नाही, दोन डोंगर येतात. आपल्या खानदेशासारखं समजा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठा, मधे खोरं. बहुतेक सगळे या नाहीतर त्या डोंगरावर, मधे अगदी तुरळक. वर्णपट म्हटलं की माणूस समजतो सगळीकडे सारखी वस्ती आहे.

कांदेबाग | २४ एप्रिल, सकाळी ७:४०

मास्तर, खानदेशची सगळी वस्ती तापीच्या खोऱ्यातच आहे. डोंगरावर कोण राहतं?

निवृत्त मास्तर, भुसावळ | २४ एप्रिल, सकाळी ७:५२

उपमा मागे घेतो.

अहिरानी मानूस | २४ एप्रिल, सकाळी १०:३०

भो, इतलं काबर ताणी राह्यनात? आमनी अहिरानीमा पोऱ्याले आंडोर म्हनतस, पोरले आंडेर. फरक एक कानाना. आंडेरवर काना मारा, आंडोर व्हयी जास. मास्तरनं ते एसआरवाय म्हंजे कानाच शे!

निवृत्त मास्तर, भुसावळ | २४ एप्रिल, सकाळी १०:४५

तीस वर्षांत मला हे सुचलं नाही. उद्यापासून असंच शिकवलं असतं.

भरीतप्रेमी | २४ एप्रिल, दुपारी १२:१०

अवांतर. आमच्या आजीपासून ऐकत आलोय की भरताला नर वांगं घ्यावं, बी कमी असतं. बुडाची खूण गोल की लांब त्यावरून ओळखतात. हे खरं का?

निवृत्त मास्तर, भुसावळ | २४ एप्रिल, दुपारी १२:३५

खोटं. वांग्याच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, फळ होतं ते मादी भागाचं. त्यामुळे वांग्याला लिंग नाही. बी कमी हवं तर कोवळं घ्या. हलकं, चकचकीत. बामणोदचं मिळालं तर प्रश्नच मिटला.

बालरोग निवासी | २४ एप्रिल, रात्री ११:५०

मूळचा अमळनेरचा, सध्या दुसऱ्या शहरात बालरोगात शिकतो आहे. ड्यूटी संपवून लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

आकड्यांवरून भांडणं होतात म्हणून आधी तेच. जगात दोन आकडे फिरतात. एक १.७ टक्के, २००० सालचा, अमेरिकेतल्या अ‍ॅन फॉस्टो-स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. दुसरा ०.०१८ टक्के, २००२ सालचा, लिओनार्ड सॅक्स यांचा. जवळजवळ शंभरपट फरक. कोणी खोटं बोलत नाही, मोजायची चाळणी वेगळी. पहिल्या आकड्यातला दीड टक्का म्हणजे एक उशिरा उमटणारा संप्रेरकांचा दोष आहे. त्यातल्या बायकांना केस जास्त येतात, पाळी पुढेमागे होते, अनेकींना कळतही नाही. त्यांना "मधलं लिंग" म्हणायला सॅक्स तयार नव्हते. त्यांनी फक्त तेच मोजले जिथे गुणसूत्रं आणि अंग जुळत नाहीत किंवा अंग बघून सांगता येत नाही. स्पेक्ट्रमवाले पहिला आकडा फेकतात, दोनवाले दुसरा. मला विचाराल तर पहिल्याची चाळणी फार मोठी आहे आणि दुसऱ्याची जरा बारीक.

बारीक का, ते सांगतो. दर पाचशे ते हजार मुलग्यांत एकाला एक्सएक्सवाय असतं, क्लाइनफेल्टर, ते सॅक्स मोजत नाहीत. ते पुरुषच, कोणाला शंका येत नाही, बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. लागतो कधी? मूल होत नाही म्हणून तपासणी झाली की. आणि आपल्याकडे आधी तपासणी कोणाची होते ते सांगायला नको. बायको पाच वर्षं उपास, अंगारे आणि वांझ हा शब्द झेलते, नवऱ्याच्या वीर्याची साधी तपासणी सगळ्यात शेवटी. मी इंटर्न असताना असं एक जोडपं पाहिलं. रिपोर्ट आल्यावर सासू म्हणाली, "मशीन खराब असेल."

हे आमच्याच भागात, जिथे लिंग दोनच आहेत आणि त्यातलं कुठलं हवं हेही लोकांना पक्कं माहीत असतं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली साडेआठशेच्याही खाली होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे.

तापीकाठची | २५ एप्रिल, दुपारी २:३०

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण, तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात. बाहेर आम्ही सगळे. नर्स आली, "बाळ-बाळंतीण सुखरूप" म्हणाली आणि वळली. भाऊजींनी विचारलं, "काय झालं?" ती परत आत गेली. बऱ्याच वेळाने डॉक्टर आले, म्हणाले, "सध्या मुलगा लिहू. थोडं वेगळं दिसतंय, मोठं झाल्यावर ऑपरेशनने होईल." बहिणीच्या सासऱ्यांना "मुलगा" एवढंच ऐकू आलं. दोन किलो पेढे आणले. गल्लीत वाटले.

आम्ही बायकांनी लंगोट बदलताना पाहिलं होतं. कोणी बोललं नाही. सासू फक्त म्हणाली, "दृष्ट लागेल, कुणाला दाखवू नका."

अकराव्या-बाराव्या दिवसापासून बाळ दूध ओढेना. ओकायचं. डोळे आत गेले. तालुक्याच्या त्याच दवाखान्यात दोनदा नेलं, पोट बिघडलं असेल म्हणून थेंब दिले. चौदाव्या रात्री माझ्या नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही मोठ्या शहरात नेलं. तिथे कॅज्युअल्टीत एक पोरसवदा डॉक्टर होता, चष्मा सेलोटेपने चिकटवलेला. त्याने बाळ उघडं केलं, अंग पाहिलं, मग कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. भाऊजी तेवढ्यात विचारतात, "डॉक्टर, हा मुलगाच ना?" तो म्हणाला, "ते नंतर सांगतो. आधी रक्तात मीठ किती ते बघू द्या."

मीठ धोक्याइतकं खाली गेलं होतं, पोटॅशियम वर. किडनीवर टोपीसारखी ग्रंथी असते, तिच्यातलं एक विकर नव्हतं. त्यामुळे मीठ धरून ठेवणारा रस बनत नव्हता, आणि कच्चा माल साचून पुरुषी संप्रेरक बनत होतं, पोटात असल्यापासून. म्हणून बाहेरचं अंग तसं. सोनोग्राफीत गर्भाशय, दोन्ही अंडाशयं. गुणसूत्रांचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. एक्सएक्स. मुलगी.

तो डॉक्टर म्हणाला होता ते विसरत नाही. हाच आजार मुलाला झाला तर बाहेरून काही दिसत नाही, संशय येत नाही, आणि काही मुलं तशीच उलट्या-जुलाब म्हणून जातात. आमची वाचली ती वेगळी दिसली म्हणून.

पुढचं सगळं कागदांचं. जन्मदाखल्यावर मुलगा. तो बदलायला एका कार्यालयात दीड वर्ष. कारकून प्रत्येक वेळी मोठ्याने विचारायचा, रांगेतले सगळे वळून बघायचे. सासऱ्यांनी घर सोडून बाहेर जाणं बंद केलं होतं. शेवटी मामाने बर्फी आणली आणि म्हणाला, पेढे झाले, आता हे पण वाटा, काय लोक बोलतील ते एकदाच बोलतील.

भाची आता सातवीत आहे. दिवसातून तीनदा गोळी. तापात गोळी दुप्पट करायची हे वर्गशिक्षिकेलाही माहीत आहे. लंगडीत तिला कोणी धरू शकत नाही.

म्हणून नूतनताई, माझी भाची तुमच्या पट्ट्यावर मधे कुठेतरी नाही. ती मुलगी आहे, तिला ग्रंथीचा आजार आहे. आणि स्पष्टवक्ता, आबांसारखं "बघितलं की कळतं" म्हणणं आम्हाला दोन किलो पेढ्यांना पडलं, पोर जाता जाता राहिली.

नूतन | २५ एप्रिल, दुपारी ३:१०

ताई, वाचून थांबले. तुम्ही म्हणता ते पटतंय. माझं बोलणं माणसांना पट्टीवर मांडायचं नव्हतं, पण तसंच झालं.

काटेकोर | २५ एप्रिल, सायंकाळी ६:००

तापीकाठची, ऑपरेशनचं काय झालं हे खाजगी आहे, विचारत नाही. पण इतरांसाठी सांगतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर तमिळनाडूने अशा तान्ह्या बाळांवर केवळ अंग "नीट दिसावं" म्हणून होणाऱ्या शस्त्रक्रियांना बंदी घातली, जिवावर बेतलं असेल तेवढंच सोडून. महाराष्ट्रातले पालक तोच प्रश्न एकेका डॉक्टरच्या मर्जीवर सोडवतात.

आणि एक गोंधळ इथे व्हायच्या आत. हिजडा, किन्नर, ट्रान्सजेंडर हा विषय वेगळा. तिथे बहुतेकांच्या देहाबद्दल संशय नसतो, स्वतःची ओळख काय हा प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाचा नाल्सा निकाल १५ एप्रिल २०१४ चा, त्याने तृतीय लिंग मान्य केलं ते या ओळखीच्या अंगाने. २०१९ च्या कायद्याने आंतरलिंगी देहाच्या माणसांनाही त्याच व्याख्येत घातलं, आणि त्यातल्या अनेकांना ते नको होतं. मराठीत तर आणखी पंचाईत. देहाचं ते लिंग, व्याकरणातलं ते लिंग, अवयव तोही लिंग, आणि देवळातलंही लिंग. लिंगभाव हा शब्द पुस्तकात आहे, ओट्यावर कोणी बोलत नाही.

कबड्डीचा मास्तर | २५ एप्रिल, रात्री ९:४५

मैदानावर काय करायचं ते सांगा. धावपटू शांती सौंदरराजनचं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं ८०० मीटरचं रौप्यपदक लिंगचाचणीपायी गेलं. धावपटू द्युती चंदला २०१४ साली पुरुषी संप्रेरक जास्त म्हणून राष्ट्रकुलच्या संघातून काढलं, ती लुसानच्या क्रीडा लवादात गेली आणि २०१५ मध्ये नियमच स्थगित करून आली. आता २०२५ च्या सप्टेंबरपासून जागतिक अ‍ॅथलेटिक्समध्ये महिला गटाला एकदा एसआरवायची चाचणी. म्हणजे कानाची! माझ्या पोरी खेड्यातल्या आहेत. एखादी उद्या वर गेली आणि तिथे तिला हे पहिल्यांदा कळलं तर? गट दोनच ठेवावे लागतील हे मला मान्य आहे, नाहीतर मुली जिंकणारच नाहीत. पण कळायची ही कुठली जागा?

नाव नको | २६ एप्रिल, पहाटे १:२०

नवीन खातं काढून लिहिते आहे.

वय ३४. पाळी कधी आली नाही. सतराव्या वर्षी आईने जळगावला नेलं. गुणसूत्रं एक्सवाय निघाली. पोटात होते ते अंडाशय नव्हते, वृषण होते. शरीराला पुरुषी संप्रेरक ओळखताच येत नाही, म्हणून वाढ सगळी बाईची झाली. काना आहे, पण वाचलाच जात नाही.

लग्न झालंय. नवऱ्याला आधी सांगितलं होतं. सासरी माहीत नाही.

मास्तरांच्या व्याख्येत मी कुठे बसते ते मला माहीत आहे, मी पण शास्त्र शिकले आहे. उत्तर देऊ नका. फक्त "अपवाद" लिहिता तेव्हा अपवादही वाचत असतात.

निवृत्त मास्तर, भुसावळ | २६ एप्रिल, सकाळी ६:५०

ताई, उत्तर देत नाही. वर एके ठिकाणी "पाय घसरणारच" असं लिहिलं होतं. तो शब्द चुकला.

स्पष्टवक्ता धुळे | २६ एप्रिल, सकाळी ११:३०

माझं मत तेच आहे, बीजं दोन तर लिंगं दोन. पण "विषय संपला" हे पहिल्याच दिवशी लिहायला नको होतं. तापीकाठची, पोरीला आशीर्वाद.

शहादेकर | १९ डिसेंबर, रात्री ८:१५

धागा वर काढतोय, माफी असावी. आखाजीनंतर नांगरटी, लागण, मग पाऊस, यात राहून गेलं.

त्या वेळी सगळं आबांना वाचून दाखवलं होतं. तापीकाठच्या ताईंचं वाचताना ते उठून गोठ्यात गेले. जुळ्या कालवडीबद्दल विचारलं तर म्हणाले, हो, होती एक, कधी गाभण राहिली नाही, आपण तिला वांझ म्हणून बाजारात काढली. कोणाला सांगितलं होतं का की जुळ्यातली आहे, असं विचारलं तर काही बोलले नाहीत. पारोळ्याच्या त्या शेतकऱ्याला देवाने बरकत द्यावी.

आता नवीन खबर. यंदा थंडी बरी पडली आहे. काल आबांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. विहिरीजवळचं आईचं झाड, पक्कं नर, आजवर कधी फळ नाही. त्याच्या एका लोंबत्या दांड्याच्या टोकाला मुठीएवढी पपई धरली आहे. दांडी वाकली आहे वजनाने.

मास्तर, हे होतं का?

निवृत्त मास्तर, भुसावळ | १९ डिसेंबर, रात्री ८:४०

होतं. हवामान बदललं की काही नर झाडांच्या टोकाच्या फुलात मादी भाग जागा होतो. उलटंही होतं, उन्हाच्या तडाख्यात तुमच्या तैवानच्या दोन्हीवाल्या फुलांमधला मादी भाग दबतो आणि फळधारणा तुटते. मे महिन्यात तुम्ही "फुलं वाया गेली" म्हणता ती तीच. बीजं दोनच, पण झाड एका जागी उभं राहत नाही. फळ मोठं होईल का सांगता येत नाही, दांडी पेलायला हवी.

शहादेकर | १९ डिसेंबर, रात्री ९:०५

लेकीचा फोन होता, म्हणाली ठेवा, मी सुट्टीत आले की कापून बी बघू. आबांनी दांडीला खालून बांबूची कैची लावली आहे, आणि पाखरं टोचू नयेत म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलंय.